चार पेल्यांचा एक पेला

बा,

या महिन्यात घरात आलं ते असं. अर्जुनसादड्याची साल, अर्धा किलो, डहाणू रोडच्या बाजारातून, साठ रुपये. रक्त पातळ करायची गोळी, महिन्याची, दोनशे ऐंशी. कोलेस्टेरॉलची, तीनशे दहा. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी, तीस. वापीच्या डॉक्टरांची फी पाचशे, जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. तांदूळ भावाने पाड्यावरून पाठवला, त्याचे काही नाहीत. एवढं वहीत लिहिलं आणि सालीपुढचे साठ रुपये बघून पेन तिथेच राहिलं. तू असतास तर वही मिटायला लावली असतीस. सालीचे पैसे घेतले की तिचा गुण जातो, असं तू म्हणायचास. कुणी फारच आग्रह केला तर एक नारळ, नाहीतर शेरभर नागली, तेही माणूस बरा होऊन चालायला लागल्यावर. आता बाजारात ती काट्यावर घालून देतात. विकणारा उंबरगावकडचा आहे, म्हणतो, "बेन, हार्टसाठी एक नंबर. डॉक्टरला विसरून जाशील." मी घेतली. आता उरलेली डब्यात तशीच पडून आहे. का पडून आहे, ते तुला सांगायला बसले आहे.

तुला 'तू' म्हणते आहे. सासरी वडिलांना 'तुम्ही' म्हणतात. मी नवी असताना तू भेटायला आलास आणि मी "बा, तू जेवलास का" म्हटलं, तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. पुढे मी सासरच्या गावाच्या, सरावलीच्या रीतीने बोलायला शिकले, सगळ्यांना तुम्ही म्हणते, दुधवाल्यालासुद्धा. पण तुला म्हणायला गेले की समोर दुसराच कुणी माणूस येऊन बसल्यासारखं होतं. देवीलाही मी तूच म्हणते. शुक्रवार अजून धरते, महालक्ष्मीच्या जत्रेला दरवर्षी जाते, गुडघे कुरकुरतात तरी जाते. त्यात खंड पडलेला नाही, हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

मला ओहोळाकाठचा तो सादडा दिसतो. बाहेरून पांढुरका, गुळगुळीत, नख लावलं तर आतून गुलाबी. बाजारातल्या सालीलाही मी आधी नख लावून बघितलं, कारण ऐनाच्या झाडाची खडबडीत साल मिसळून देणारे असतात. गुलाबी होती. पण तुकडे हातभर लांब होते, आणि ते बघूनच मला कळलं की कापणाऱ्याने झाडाला काही विचारलेलं नाही. तू विचारायचास. सकाळी, ऊन अजून डोंगराच्या पलीकडे आहे. तू झाडापुढे उभा आहेस, मुठीतले तांदूळ बुंध्याशी ठेवतोस, आणि ज्याच्यासाठी साल हवी त्याचं नाव सांगतोस, पाडा सांगतोस, दुखणं सांगतोस. एवढं झाल्यावर थोडं थांबतोस. मी लहान होते, मला वाटायचं झाड उत्तर देत असेल आणि ते फक्त तुला ऐकू येत असेल. मग उगवतीच्या बाजूने तळहाताएवढा एकच तुकडा. जखमेवर ओली माती लिंपून हात झाडाला पुसायचास. पुढच्या खेपेला जागा दुसरी.

आणि मी काय केलं होतं, आठवतं का? अकरा वर्षांची असेन. तू तलासरीच्या बाजाराला गेला होतास आणि शेजारची काकी साल मागायला आली. मला शहाणपण करायचं होतं. कोयता घेतला, ओहोळावर गेले, आणि मांडीएवढ्या जाडीचा एक तरणा सादडा होता त्याची साल कमरपट्ट्यासारखी गोल सोलून आणली, चांगली वीतभर रुंद. काकी म्हणाली, "अगं, एवढ्यात माझा सगळा पाडा बरा होईल." तू आलास, ढीग बघितलास. माझा हात धरून ओहोळावर घेऊन गेलास.

"बाय, ह्याला आता खायला कोण घालणार?"

"मुळं आहेत ना त्याला," मी म्हटलं.

"मुळाला कोण घालतं? मूळ पाणी देतं, पान अन्न देतं. ते सालीतून खाली उतरतं. तू चारी बाजूंनी वाट तोडलीस. एक बोटभर जरी सोडली असतीस तरी जगला असता."

मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी विसरले असते. मी रोज जाऊन त्याच्या बुंध्याशी पाणी ओतत होते, तांब्यावर तांब्या. त्याला पालवी फुटली तेव्हा मी पळत सांगायला आले, आणि तू नुसता हं म्हणालास. पुढच्या होळीला ते झाड उभ्या उभ्या वाळलेलं होतं.

मी दहावी पास झाले तेव्हा पाड्यातून पास होणारी मी पहिली मुलगी. लोक गुळाचा खडा घेऊन आले. तू बाजारातून एक पितळी पेला घेऊन आलास आणि माझ्या हातात दिलास. म्हणालास, "आता मापाचं काम तुझं. मी अंदाजाने घालतो, तू शिकलेली आहेस." चार पेले पाणी, मूठभर कुटलेली साल, मंद विस्तव, एक पेला उरेपर्यंत. जाळ वाढवायचा नाही. वाढवला तर पाणी जाईल पण साल आपला गुण सोडणार नाही. आणि दुसरा नियम, एकवीस दिवस सालीचं औषध चालू असेल तोवर दुसरं कुठलंच औषध पोटात जाऊ द्यायचं नाही, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही. हा नियम मला फार आवडायचा. शाळेत शिकवल्यासारखा वाटायचा. मी तो लग्नानंतर इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगितला, की आमच्या घरात तो मिठाच्या डब्याच्या जागेसारखा पाठ झाला. त्याचंच पुढे सगळं झालं.

आमच्या ह्यांना तू पाहिलं आहेस, पण केस काळे असताना. हे आता साठीला आले. चिखल्याला एका चिकूच्या वाडीत मुकादम आहेत, स्कूटरवर जातात येतात. गेल्या चैत्रात वाडीतच, झाडाखाली क्रेट मोजता मोजता, खाली बसले. घाम सुटला, डावा हात जड झाला. वाडीच्या मालकांनी आपल्या गाडीत घातलं आणि तसंच वापीला नेलं. मी घरी वालाच्या शेंगा सोलत होते. फोन आला तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल? "गाडीत घातलं का?" मालक म्हणाले, "वहिनी, अर्ध्या वाटेत आहोत." त्यांच्या हृदयाच्या एका नळीत स्प्रिंग घातली. गादीत असते तसली नाही, बारीक, पेनातल्या रिफिलपेक्षाही बारीक, ती नळी उघडी धरून ठेवते. आणि मग गोळ्या. सकाळी तीन, संध्याकाळी दोन. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर स्प्रिंगवर रक्ताची गुठळी बसेल.

तेव्हापासून माझा दिवस त्या गोळ्यांनी सुरू होतो आणि त्यांनीच संपतो. बशीत काढून ठेवायच्या, पाणी ठेवायचं, मीठ कमी, तेल कमी, हे चिडणार, मी गप्प बसणार. जिन्यावर पाय वाजला की मी मोजते, पायऱ्या किती आणि दम किती. थकायला झालं आहे, बा. कुणाकडे म्हणायची सोय नाही. हे तर म्हणतात, "आजारी मी, आणि कण्हतेस तू."

दिवाळीला मुलगी आली. तुझी नात औषधांचं शिकली, बोईसरकडे एका फार्मसी कॉलेजात शिकवते. मी चकल्या तळत होते, तिने झारा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आई, आजोबांचं ते झाड आहे ना, त्याच्यावर कितीतरी काम झालेलं आहे. सालीतून एक घटक वेगळा काढलेला आहे. अर्जुनोलिक अ‍ॅसिड म्हणतात त्याला."

हे बाहेरून ओरडले, "अर्जुन म्हणजे महाभारतातला?"

"झाडाचा, पप्पा. तुम्ही चकली खाऊ नका, मला इथून आवाज येतोय."

मग तिने मला समजावून सांगितलं, आणि मी तुला सांगते, कारण तुला आवडलं असतं. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःला लागणारं रक्त बारीक नळ्यांतून येतं. नळी बंद झाली की तिच्या पुढचा मांसाचा तुकडा उपाशी राहतो, आणि थोड्या वेळाने मरायला लागतो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तो गोल सोललेला सादडा आला. ती म्हणाली, गंमत पुढेच आहे. नळी उघडून रक्त परत आलं, की त्यानेसुद्धा इजा होते. उपाशी तुकड्यात एकदम प्राणवायू घुसतो आणि तिथे एक प्रकारचा भडका उडतो, त्यात आणखी पेशी जळतात. उंदरांवर प्रयोग केले आहेत. त्यांना आधी काही दिवस हा घटक, नाहीतर सालीचा अर्क दिला, आणि मग नळी बांधून रक्त थांबवलं, तर मेलेला भाग कमी निघाला. तो भडका दाबला जातो, असं दिसतं.

"आधी दिलं तर," मी म्हटलं.

"हो, आधी दिलं तर."

"आणि दुखायला लागल्यावर दिलं तर?"

तिने चकल्या उलटल्या. "दुखायला लागल्यावर दवाखाना, आई. मेलेला भाग काढ्याने परत उठत नाही. आणि उंदीर म्हणजे माणूस नाही. आपल्या पेल्यात तो घटक किती उतरतो, हे कुणी मोजलेलं आहे? पप्पांच्या गोळ्यांबरोबर चालेल का, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू असं का विचारतेस?" मी म्हटलं, तेल तापलं आहे, बाजूला हो.

ती गेल्यावर घरात एवढंच राहिलं, की सासऱ्यांचं खरं निघालं. हे वाडीत जाऊन सांगून आले, "आमचे सासरे पाटी-पुस्तक न शिकता हार्टचे स्पेशालिस्ट होते." मलाही बरं वाटलं. का खोटं सांगू, फार बरं वाटलं. इतकी वर्षं लोक तुला झाडपाल्यावाला म्हणत होते, आता त्या सालीला इंग्रजी नाव आलं. नंतर गोळ्यांनी ह्यांच्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले, पोटात जळजळायला लागलं, तेव्हा हेच म्हणाले, "तुझ्या बाचा काढा दे ना." मी म्हटलं गोळ्या आहेतच, वरून हा एक पेला, काय बिघडणार आहे. डॉक्टरांना विचारायला मुलीने सांगितलं होतं. पुढच्या तारखेला वापीला जाऊ तेव्हा विचारू, असं मी मनाशी ठरवलं आणि पौषातल्या एका सकाळी पितळी पेला घासून काढला.

अकराव्या दिवशी मी कपडे धूत होते. ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला गुलाबी डाग पडलेला. वाटलं, पेन. खिशात बोट घातलं तर चिकट लगदा, आणि त्यात एक अर्धवट विरघळलेली गोळी. मी तसाच ओला शर्ट घेऊन पुढच्या ओट्यावर गेले. हे पेपर वाचत होते.

"हे काय आहे?"

"शर्ट."

"खिशात काय आहे?"

चष्म्याच्या वरून बघितलं त्यांनी. पकडले गेल्यासारखे नाही, मला जणू साधं गणित येत नाही असे. "गोळी आहे. तूच सांगतेस ना, सालीचं चालू असताना दुसरं औषध पोटात जाऊ द्यायचं नाही? एकवीस दिवस. आज अकरावा. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस, म्हणून खिशात टाकत होतो."

"अहो, तो नियम खोकल्या-तापाच्या माणसाला होता! बाच्या वेळी स्प्रिंगा कुठे होत्या?"

"माणसं तर हीच होती. आणि मला बरं वाटतंय. पोट जळत नाही, डाग गेले. आता अकराव्या दिवशी मोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं?"

मी मुलीला फोन लावला. ती वर्गात होती, बाहेर आली. मी सांगितलं, अकरा दिवस. मग म्हणाली, "पप्पांना फोन दे." ह्यांनी फोन कानाला लावला आणि हूं, हूं करत राहिले. शेवटी म्हणाले, "बेटा, तूच सांगितलंस ना, त्यात तो अर्जुन आहे." फोन मला परत दिला. ती रडकुंडीला आली होती. "आई, ते माझं ऐकत नाहीत. त्यांना वाटतं मी पुस्तकातलं बोलते. आजोबांचं नाव घेतलं की त्यांचं सगळं बंद होतं. तूच काहीतरी कर. आजच."

आजच. म्हणजे मी काय करायचं होतं, ते मला माहीत होतं. ह्यांचा विश्वास सालीवर नव्हता, बा. माझ्या एका गोष्टीवर होता. अठ्ठावीस वर्षं मी ती सांगत आले. की बाला त्या दिवशी छातीत दुखलं, मी काढा करून दिला, बाने तो घेतला, बरं वाटलं म्हणाला, भिंतीला टेकून बसला आणि शांत झाला. वय झालं होतं, दिवस भरले होते, पण दुखणं काढ्याने उतरलं. ज्याला त्याला मी हे सांगितलं. सांगता सांगता माझ्यापुढे तू पेला तोंडाला लावलेला दिसायला लागला होतास.

मी शर्ट खाली ठेवला आणि ह्यांच्या समोर ओट्यावर बसले. म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचं आहे. मध्ये बोलू नका."

मळणीचे दिवस होते. मी दिवाळीला आले ती भाऊबीज झाली तरी राहिले होते, कारण खळ्यावर माणूस कमी होतं. सकाळचे नऊ वाजले असतील. तू भात झोडत होतास. मध्येच पेंढी खाली ठेवलीस आणि घराकडे आलास, चालण्यात काही तरी निराळं होतं. ओट्यावर बसलास, पंजा छातीवर दाबून धरलेला. कपाळावर घाम, आणि वारा तर गार होता. मी आत गेले, चूल फुंकली, चार पेले पाणी मोजून घातलं. मूठभर साल. मंद विस्तव. भाऊ खळ्यावरच होता. डोंगराखालच्या तळपट्टीला नाक्यावर जीप लागायची, दहाच्या आत सुटायची, तलासरीला जायची. तिचा हॉर्न आपल्या ओट्यावर ऐकू येतो. मी चुलीपुढे बसून पाण्याकडे बघत होते. जाळ वाढवावा असं एकदा मनात आलं, लाकूड उचललंसुद्धा, आणि परत ठेवलं. जीपचा हॉर्न वाजला, दोनदा. मी बाहेर येऊन बघितलं तर तू भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेले, मला वाटलं आराम वाटतोय. परत आत आले. पाणी निम्म्यावरही आलं नव्हतं, आणि तू गेला होतास.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपराची घडी घातली.

"म्हणजे काढा त्यांनी घेतलाच नाही?"

"नाही."

"मग तू तर सांगायचीस, दोन घोट घेतले, बरं वाटलं म्हणाले."

"सांगायची."

"अठ्ठावीस वर्षं?"

मी शर्ट उचलून पिळला. मग त्यांनी विचारलंच, कुणीही विचारलं असतं. "अगं पण जीप होती ना खाली? गाडीत का नाही घातलं?"

आणि मी म्हटलं, "ते नको म्हणाले."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला. "सासरे हट्टीच होते," म्हणाले. "मी पाहिलंय ना. लग्नात सुद्धा त्यांनी टोपी बदलली नाही." मग उठून आत गेले. फडताळाचा आवाज आला, पट्टी फाडल्याचा आवाज आला. आतूनच ओरडले, "पाणी कुठे ठेवलंयस? मी तुझ्या बासारखा हट्टी नाही, समजलीस?" मी पाणी दिलं. त्यांनी माझ्यासमोर गोळी जिभेवर ठेवून दाखवली, लहान मुलं दाखवतात तशी, आणि गिळली. दुसऱ्याच दिवशी आम्ही वापीला गेलो. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. डॉक्टरांनी मला नाही, ह्यांना झापलं. "काका, नशीब समजा. अकरा दिवसांत माणूस खलास होतो." साल दाखवली, तर हसले नाहीत. म्हणाले, यात काही नाही असं मी म्हणत नाही, पण तुमच्या या गोळ्यांबरोबर आत्ता नको. गोळ्या चालू राहतील. सालीचं पुढे बघू. म्हणून ती डब्यात आहे. फेकवत नाही, ते झाड कापलं गेलंच आहे.

हे आता वाडीत नवीन गोष्ट सांगतात. की सासरे एवढे जाणकार, पण दवाखान्याचं नाव काढलं की नको म्हणायचे, त्यातच गेले, माणसाने असा हट्ट करू नये. परवा एक बाई मला भाजीच्या गाडीवर भेटली, तिच्या नवऱ्यानेही त्यांच्याकडून ऐकून तपासणी करून घेतली म्हणे. लोकांचं भलं होत आहे. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू हे आधीच सांगितलं असतंस तर." मी हो म्हटलं. मुलीलाही मी तेच सांगितलं आहे, जे ह्यांना सांगितलं.

आता तुला लिहायचं तेवढंच राहिलं. तू नको म्हणाला नव्हतास, बा. तू ओट्यावर बसलास आणि मला म्हणालास, "बाय, जीप लागली असंल खाली. जाऊ या का?" तू, ज्याने उभ्या आयुष्यात दवाखान्याची पायरी चढली नव्हती. तुझ्या आवाजात भीती होती, ती मला ऐकू आली. आणि मी म्हटलं, "आधी काढा घे. मग बघू." तू माझ्याकडे बघितलंस. तुला सगळं कळत होतं, साल कशाला चालते आणि कशाला नाही, ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळत होतं. तरी तू "बरं" म्हणालास. मी शिकलेली होते म्हणून म्हणालास, की माझं मन मोडू नये म्हणून, की दुखण्यामुळे बोलायचा जोर नव्हता म्हणून, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

मी ह्यांना हे सांगायला तोंड उघडलं होतं. तेव्हा भीती वाटली, की खरं सांगितलं तर हे मला कवटाळून बसतील, माझी समजूत घालत राहतील, आणि गोळी तशीच राहील. हट्टी सासरा मिळाल्यावर त्यांनी ती लगेच घेतली. असं मी स्वतःला सांगते. पण एवढंच कारण असतं तर मुलीला तरी खरं सांगितलं असतं. लाज वाटली, बा. तू गेलास तेव्हा तुझ्यावर सुखाचं मरण घातलं, आणि आता माझ्या माणसाला वाचवायला तुझ्यावर हट्ट घातला. दोन्ही वेळा माझं तेवढं झाकलं.

हे पत्र घालायला पत्ता नाही, ते मला कळतं. वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं आहे, ही वही हे उघडत नाहीत. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यांना खरं सांगू, की वर्षभर गोळ्या नीट होईपर्यंत तुझ्या नावावर तसंच राहू दे? आणि तू ते "बरं" कशासाठी म्हणालास? रागावला असशील तर तेच लिही, दोन ओळी चालतील, दुसऱ्या कुणाच्या हातून लिहवून घेतल्यास तरी मला तुझं बोलणं ओळखू येईल. फक्त उलट टपाली कळव, फार दिवस लावू नकोस.